उजेडाची लेखमाला

१९७९ सालच्या मार्चमध्ये विनोदिनी हळर्णकरचा पहिला लेख छापून आला, आणि त्याच संध्याकाळी शेजारच्या दोघीजणी तिचं सांत्वन करायला घरी आल्या. एकीने थर्मासमधून चहाही आणला होता, कारण सुतकाच्या घरात चूल पेटत नाही.

लेख आइन्स्टाइनवर होता. त्याच्या जन्माला शंभर वर्षं झाली म्हणून डिचोलीच्या 'नवी पणती' या साप्ताहिकाचे मालक-संपादक गोकुळदास यांनी तो मागून घेतला होता. विनोदिनीने पंधरा दिवस खपून लिहिला. सारमानसच्या धक्क्यावर उभ्या असलेल्या माणसाचं घड्याळ आणि चालत्या फेरीबोटीतल्या माणसाचं घड्याळ अगदी एका चालीने चालत नाही. फरक इतका बारीक की आपल्या जन्मात तो दिसायचा नाही, पण आहे, असं तिने त्यात समजावलं होतं. मथळा दिला होता, 'घड्याळं सगळीकडे सारखी चालत नाहीत'. गोकुळदासांना तो मिळमिळीत वाटला. त्यांनी तो खोडून ठसठशीत अक्षरांत छापला, 'काळ कुणाला चुकला आहे?' खाली विनोदिनीचं नाव, आणि बाजूला काळ्या चौकटीत आइन्स्टाइनचा फोटो. पांढऱ्या केसांचा तो म्हातारा विनोदिनीचा सासरा असणार, असं वाड्यावरचे निम्मे लोक धरून चालले. सासरे तेव्हा मागच्या दारी माडांना पाणी घालत होते. आलेल्या बायकांना त्यांनीच पाट मांडून दिले.

विनोदिनी त्या दिवशी जेवली नाही.

ती मूळची पेडण्यातल्या धारगळची. वडिलांचं हमरस्त्याला लागून नारळ आणि किरकोळ सामानाचं दुकान. गोवा मुक्त झाला तेव्हा ती चौदा वर्षांची होती. आधी गावातली मराठी शाळा, मग म्हापशाची बस, मग पणजीचं नवं कॉलेज, असं करत ती पदार्थविज्ञान घेऊन बी.एस्सी. झाली. धारगळात तोवर कुठल्या मुलीने हे केलं नव्हतं. निकाल लागला त्या दिवशी तिची आई आनंदी परसात कुळीथ पाखडत होती. तिने विचारलं, चार वर्षं पणजीला जाऊन नेमकं काय शिकलीस ते मला सांग बघू. विनोदिनीने तोंड उघडलं आणि तिच्या लक्षात आलं की आपल्याला आईच्या भाषेत एक वाक्यही सांगता येत नाही. इंग्रजी शब्द आठवत होते, समीकरणं आठवत होती, पानं आठवत होती. आईने थोडा वेळ वाट पाहिली आणि पुन्हा सूप हलवायला लागली. विनोदिनीला त्या दिवशी स्वतःचा जो राग आला तो पुढे कधी पुरता गेला नाही.

लग्नानंतर ती डिचोलीला आली आणि हायस्कुलात विज्ञान शिकवू लागली. नवरा रामचंद्र पाळीच्या एका खाणीच्या कचेरीत होता. भला माणूस. तिने लिहिलेलं प्रत्येक पान वाचायचा आणि "छान झालंय" म्हणायचा. काय छान झालंय असं विचारलं की "सगळंच" म्हणायचा. त्यावरून ती त्याच्याशी जेवढी भांडली तेवढी दुसऱ्या कशावरून भांडली नसेल.

सांत्वनाच्या दुसऱ्याच दिवशी शाळेआधी ती गोकुळदासांच्या छापखान्यात जाऊन उभी राहिली. छापखाना बाजारामागच्या गल्लीत होता. साप्ताहिकापेक्षा तिथे लग्नपत्रिका आणि जत्रेतल्या नाटकांची हँडबिलंच जास्त छापली जात. गोकुळदासांनी तिचं सगळं ऐकून घेतलं आणि सांगितलं की अंक कधी नव्हे तो एका दिवसात संपला, तेव्हा तिने आता पूर्ण लेखमालाच लिहावी. न्यूटनपासून सुरुवात करून थेट अणूपर्यंत, दर आठवड्याला एक. विनोदिनी भांडायला गेली होती ती लेखमाला पत्करून बाहेर पडली. अट एकच घातली, की मथळ्याला हात लावायचा नाही. गोकुळदासांनी ती पाळली. मजकुराबद्दल बोलणं झालं नव्हतं.

दुसरा लेख प्रकाशावर होता. छापून आला तेव्हा तिने उभ्याउभ्याच वाचायला घेतला. पहिले तीन परिच्छेद ठीक होते. चौथ्यापासून पुढे 'प्रकाश' हा शब्द कुठेच नव्हता. प्रकाशाचा वेग होता तिथे उजेडाचा वेग झाला होता, प्रकाशकिरणाची उजेडाची तिरीप झाली होती. 'प्रयोग' जाऊन 'करून पाहणे' आलं होतं आणि 'प्रश्न' जाऊन 'सवाल'. तिने अंक घडी करून पिशवीत टाकला आणि मधल्या सुट्टीत छापखाना गाठला.

गोकुळदास नव्हते. लाकडी कप्प्यांच्या घोडीसमोर बाबली कवठणकर उभा होता. हा खिळे जुळवणारा. सावंतवाडीकडच्या कवठणीचा, चाळिशीतला, सडपातळ, बोटं शाईने कायमची काळी. मराठी चौथीपर्यंत शिकलेला. लेखातलं एकेक अक्षर शिशाच्या खिळ्यांतून वेचून उलटं लावायचं, ओळ भरायची, पान बांधायचं, हे काम तो वीस वर्षं करत होता. विनोदिनीने त्याच्यापुढे अंक धरला आणि हे कुणी केलं म्हणून विचारलं.

"मीच केलंय, टीचर," बाबली म्हणाला. "कप्प्यात 'प्र' चाळीस आसत. तुमच्या तीन परिच्छेदांत ते संपले. मगे माज्याकडे काय उरलां?"

तिने विचारलं की मग निरोप का पाठवला नाही, आणि शास्त्रातला शब्द मनाने बदलायचा अधिकार त्याला कुणी दिला. बाबलीने हातातली खिळे लावायची पट्टी खाली ठेवली. त्याने नम्रपणे सांगितलं की त्याची बायको शेवंती रोज तिन्हीसांजेला उजेड कर म्हणते, प्रकाश कर असं त्याने अजून कुणाच्या तोंडून ऐकलेलं नाही, आणि अर्थ तर तोच राहिला.

शाळेची घंटा झाली म्हणून विनोदिनी निघाली. वाटेत तिने लेख पुन्हा वाचला. चौथ्या परिच्छेदापासून तो तिच्या पहिल्या तीन परिच्छेदांपेक्षा चांगला वाचला जात होता. याचा तिला सगळ्यात जास्त संताप आला.

त्यानंतर बाबलीने 'वस्तुमान' काढून 'वजन' घातलं. हे मात्र तिने खपवून घेतलं नाही. शाळा सुटल्यावर ती स्टूल ओढून छापखान्यात बसली आणि त्याला समजावू लागली. मयेच्या तळ्यात दगड बुडवून उचलला तर हाताला हलका लागतो, म्हणून दगडातला दगड कमी झाला का? नाही ना? हाताला जाणवतं ते बदललं, दगड तेवढाच राहिला. तो जेवढा आहे ते वस्तुमान. बाबलीने विचार केला आणि शब्द मान्य केला, पण तळ्यातला दगड लेखात आला पाहिजे असं म्हणाला. तिने तिथेच बसून तो लिहून दिला. पुढे गुरुवारची संध्याकाळ त्यांची ठरून गेली. तो कच्च्या छपाईवर जिथे अडेल तिथे पेन्सिलीने फुली मारून ठेवायचा. काही आठवड्यांत सात फुल्या असत, एकदा बावीस होत्या. त्या दिवशी ती घरी येऊन रामचंद्रला म्हणाली की आपण लिहिणं सोडतो. रामचंद्र म्हणाला, छान झालंय की.

वाचकांनी तिला वेगळाच ताप दिला. गुरुत्वाकर्षणाच्या लेखानंतर साखळीच्या एका गृहस्थांनी आपली पत्रिका पाठवली आणि शनी कधी सुटेल ते विचारलं. रेडियमच्या लेखात, ठरावीक काळाने त्याचे निम्मे अणू फुटून जातात, त्या काळाला अर्धायुष्य म्हणतात, असं ती लिहून गेली होती. त्यावर एका आजारी माणसाच्या बायकोने आपल्या नवऱ्याचं अर्धायुष्य किती, असं पोस्टकार्ड टाकलं. विनोदिनीने तिला दोन पानांचं उत्तर लिहिलं, आणि डॉक्टरांकडे जायला सांगितलं. शिक्षकांच्या खोलीत गणिताचे मास्तर रोज विचारायचे की यातलं परीक्षेला काय येणार आहे. रस्त्यात भेटणारे म्हणायचे, तुमचं वाचतो हां टीचर. कुठला लेख वाचलात म्हटलं की म्हणायचे, तो फोटोवाला.

१९८० च्या फेब्रुवारीत सूर्यग्रहण होतं. कारवारकडे खग्रास, डिचोलीत सूर्याची एक बारीक कोर तेवढी उरणार होती. विनोदिनीने त्या निमित्ताने १९१९ सालच्या ग्रहणाचा लेख लिहिला. सूर्याजवळून येणारा ताऱ्याचा उजेड किंचित वाकतो, असं आइन्स्टाइनने कागदावर मांडलं होतं. ते खरं की खोटं हे पाहायचं तर सूर्य झाकला गेला पाहिजे, त्याशिवाय शेजारचे तारे दिसणार कसे? म्हणून इंग्रज ज्योतिर्विद दुर्बिणी घेऊन समुद्रापार गेले, काही ब्राझीलला, काही आफ्रिकेजवळच्या प्रिन्सिप बेटावर. बेटावर त्या सकाळी पाऊस होता. ढगांच्या फटीतून जे थोडे फोटो मिळाले त्यांवरून तारे जागचे सरकलेले दिसले. प्रिन्सिप तेव्हा पोर्तुगिजांचं होतं, आणि आपला गोवाही, हे तिने जाता जाता लिहिलं. लिहायला नको होतं. पोर्तुगीज अमदानीत कारकुनी केलेल्या एका वृद्धांनी चार पानं भरून कळवलं की या शोधाचं खरं श्रेय पोर्तुगालला जातं. एका कीर्तनकारांनी कळवलं की हे सगळं पुराणात आहे. दोघांनीही आपलं पत्र न कापता छापावं अशी विनंती केली होती. गोकुळदासांनी शेजारी शेजारी छापली.

ग्रहणाच्या दुपारी गाव बंद होता. रस्त्यावर कुत्रं नव्हतं. घरांची दारं-जनेलं लावलेली. विनोदिनी छापखान्याच्या अंगणात गेली, कारण तिथे दाट आंब्याचं झाड होतं आणि तिला त्याच्याखालची जमीन पाहायची होती. बाबली तिथेच होता. शेवंतीने घरात कोंडून बसवलं तेव्हा मागच्या दाराने आला होता. साडेतीनच्या सुमारास ऊन राखेसारखं झालं. आंब्याच्या पानांतून एरवी गोल कवडसे पडतात, तिथे आता जमिनीवर शेकडो कोरी पडल्या होत्या, सगळ्या एकाच बाजूला वळलेल्या.

तिने सांगितलं की पानांमधली प्रत्येक फट सूर्याचं एकेक चित्र खाली टाकते. बाबलीला ते पटलं नाही. त्याने आतून एक वाया गेलेली लग्नपत्रिका आणली, तिला खिळ्याने बारीक भोक पाडलं आणि उन्हात धरली. खाली कोर पडली. त्याने चौकोनी भोक पाडलं, कोरच पडली. तिकोनी पाडलं, तरी कोरच. तो ग्रहण सुटेपर्यंत भोकं पाडत राहिला. मग म्हणाला की आता कळलं, आणि यापुढे टीचरने सांगितलेलं तो असंच करून पाहिल्याशिवाय घेणार नाही. विनोदिनीला तेव्हा बरं वाटलं.

एप्रिल महिन्यात तिने दोन फटींचा लेख दिला. लंडनच्या एका डॉक्टराने पावणेदोनशे वर्षांपूर्वी एकच उजेड दोन बारीक फटींतून पाठवला. पलीकडच्या पडद्यावर काळे-पांढरे पट्टे उमटले. नुसती एक फट उघडी असताना जिथे उजेड पडत होता, अशा काही जागा दुसरी फट उघडल्याबरोबर काळ्या झाल्या. तळ्यात दोन दगड टाकले तर कुठे कुठे लाटेचा उंचवटा आणि खोलगा एकमेकांना खाऊन टाकतात, तसंच हे. म्हणजे उजेड ही लाट. बाबलीने एकही फुली न मारता इथवर लावलं. पुढे तिने लिहिलं होतं की आइन्स्टाइनने १९०५ मध्ये दाखवलं, उजेड दाण्यादाण्यानेही येतो. मग १९०९ मध्ये इंग्लंडमध्ये एका तरुणाने काजळी धरलेल्या काचा लावून ज्योत इतकी मंद केली की एका वेळी एकच दाणा जावा. वाटेत फटींऐवजी एक सुई ठेवली, मागे फोटोची काच ठेवली, आणि काही महिने तसंच सोडून तो होडी घेऊन फिरायला गेला. परत येऊन पाहतो तर सुईच्या सावलीला तसेच पट्टे. फटी दोन असत्या तरी हेच झालं असतं.

गुरुवारी ती गेली तेव्हा बाबली पट्टी खाली ठेवून बसला होता.

"एकटोच दाणो आसा," तो म्हणाला. "तो एका फटीतसून गेलो. मगे दुसरी फट उघडी आसा काय बंद, ह्यां तेका कोणी सांगितल्यान?"

तिने समजावलं. लाटेचं सांगितलं, दाण्याचं सांगितलं, दोन्ही एकदम असं सांगितलं. त्याने मान हलवली. तिने पुन्हा सांगितलं, या खेपेला कागदावर काढून. तो म्हणाला की ते सगळं कळलं, पण दाणा एक असेल तर त्याला सांगतो कोण. तिसऱ्यांदा सांगताना तिचा आवाज चढला, आणि ती म्हणाली, "बाबली, तुझं काम खिळे जुळवायचं आहे. तेवढं कर."

बाबलीने पट्टी पुन्हा हातात घेतली. दुसऱ्या दिवशी शाळेत लेखाची कच्ची छपाई आली. सगळा लेख जुळवलेला होता, फक्त शेवटच्या परिच्छेदाच्या जागी अकरा ओळींची पांढरी जागा सोडली होती.

ती जागा पाहून विनोदिनी आधी चिडली. घरी येऊन तिने माळ्यावरची कॉलेजची पुस्तकं काढली, बाबलीच्या तोंडावर फेकायला नेमकं उत्तर हवं म्हणून. शनिवार-रविवार ती तीच पानं उलटत होती. एकेक पुस्तक त्या दोन फटींपाशी यायचं, समीकरण मांडायचं, उत्तर बरोबर येतं असं म्हणायचं आणि पुढच्या प्रकरणाकडे निघून जायचं. दाण्याला कोण सांगतं, हे कुणीही लिहिलेलं नव्हतं. तिने स्वतः हे परीक्षेत लिहून पैकीच्या पैकी गुण घेतले होते, आणि बारा वर्षांत आपल्याला हे कळलेलं नाही हेसुद्धा तिच्या लक्षात आलं नव्हतं. चौथी पास माणसाने ते एका संध्याकाळी पकडलं. रविवारी तिने रामचंद्रला तो सवाल घातला. रामचंद्रने पहिल्यांदाच छान म्हटलं नाही. तो म्हणाला, मलाही हे अडलं होतं, पण तू चिडशील म्हणून बोललो नाही. त्यावर ती इतकी चिडली की तो उठून सारमानसला मासळी आणायला गेला.

सोमवारी तिने नवा शेवट लिहिला. दाण्याला दुसऱ्या फटीचं कोण सांगतं हे मला माहीत नाही, असं तिने लिहिलं. ज्यांनी हे शास्त्र उभारलं ते यावर पन्नास वर्षं एकमेकांशी वाद घालत आले. काय दिसेल याचं गणित ते चूक न करता सांगतात, पण असं का, यावर त्यांचं एकमत नाही. मी शिक्षिका आहे म्हणून मला कळलं आहे असं समजू नये. हा सवाल आपल्या छापखान्यातल्या बाबली कवठणकर यांनी विचारला. ती कागद घेऊन गेली आणि त्याला म्हणाली की गुरुवारचं माझं बोलणं चुकलं. बाबलीने कागद दोनदा वाचला, स्वतःच्या नावावर काट मारली आणि खिळे वेचायला लागला.

गोकुळदासांनी मात्र तो लेख छापायला साफ नकार दिला. लिहिणारीच म्हणते मला माहीत नाही, तर वाचणाऱ्याने का वाचायचं, असं त्यांचं म्हणणं, आणि ते काही अगदीच वेडगळ नव्हतं. त्या जागी पाककृती टाका असं सांगून ते भाच्याच्या लग्नाला पेडण्याला गेले. परत आले तेव्हा अंक वाटून झाला होता. बाबलीने लेख छापला होता आणि पाककृती पुढच्या आठवड्यासाठी जपून ठेवली होती.

त्यांनी लेखमाला बंद केली आणि बाबलीला साप्ताहिकावरून काढून हँडबिलांवर बसवलं. इकडे हेडमास्तरांनी विनोदिनीला बोलावून विचारलं की शिक्षकच मला माहीत नाही असं छापून सांगायला लागले तर मुलांनी कुणाकडे पाहायचं. ती म्हणाली की मुलं त्या फटींकडे पाहतील. हेडमास्तरांनी तिला वर्षभर प्रयोगशाळेची किल्ली दिली नाही. बाबलीबद्दल मात्र तिला फार वाईट वाटलं. ती दोनदा गोकुळदासांकडे रदबदली करायला गेली आणि दोन्ही वेळा भांडून आली.

मग पत्रं यायला लागली. तीन आठवड्यांत एकोणीस. त्यांत पत्रिका एकही नव्हती. प्रत्येकाने दाण्याला कोण सांगतं याचं उत्तर पाठवलं होतं, आणि प्रत्येक उत्तर चुकीचं होतं. कुणी वाऱ्याला धरलं होतं, कुणी राखणदार देवचाराला. कुणी म्हणे दाणा वाटेत फुटून दोन होत असेल. पाळीच्या खाणीवर ड्रिल चालवणाऱ्या सखारामने लिहिलं की दाणा फटीच्या कडेला आपटतो, कड हादरते, आणि तो हादरा दुसऱ्या फटीच्या कडेपर्यंत जात असणार. सुरुंगाला भोक पाडताना शेजारच्या भोकाची माती अशीच सुटते. याचं उत्तर द्यायला विनोदिनीला आठ दिवस लागले. पणजीच्या वाचनालयात दोन फेऱ्या झाल्या. शेवटी तिने लिहिलं, की तसं असतं तर कड कागदाची आहे की पितळेची यावर पट्टे बदलले असते. ते बदलत नाहीत. सखारामचं दोन ओळींचं उत्तर आलं, की असं असेल तर मलाही माहीत नाही. ते तिने टेबलाच्या खणात ठेवलं.

एकोणीस पत्रं पाहून गोकुळदास विरघळले. लेखमाला पुन्हा सुरू झाली, बाबलीही साप्ताहिकावर परत आला. पुढे त्या लेखांचं पुस्तक करायचं ठरलं. फावल्या वेळात जुळवायचं सहा महिन्यांचं काम तीन वर्षं चाललं, कारण प्रत्येक प्रकरणावर त्या दोघांची नव्याने बाचाबाची होई. १९८३ मध्ये एकशे बारा पानांचं पुस्तक निघालं. पुण्याच्या एका मासिकाने लिहिलं की भाषा ठिकठिकाणी बोलीकडे झुकते. प्रकाशनाला आलेल्या पाहुण्यांनी लेखिकेने अवघड विषय सोपा करून टाकला म्हणून कौतुक केलं. विनोदिनी आभाराला उभी राहिली आणि हा विषय सोपा नाही, पाहुण्यांनी दोन फटींचं नववं प्रकरण वाचलेलं दिसत नाही, असं बोलून बसली. रामचंद्रने चहा ठरल्याच्या आधीच फिरवायला लावला.

पुढे छापखान्यात नवी यंत्रं आली, खिळे मोडीत गेले, आणि बाबली शेवंतीला घेऊन कवठणीला परत गेला. विनोदिनी शाळेत शिकवत राहिली. २००२ साली पुस्तकाची दुसरी आवृत्ती काढायची ठरली. मधल्या वीस वर्षांत शास्त्र पुढे गेलं होतं, तिने चार प्रकरणं नव्याने लिहिली. आता मजकूर संगणकावर बसवायचा होता. ते काम सुमंगला नावाच्या मुलीकडे होतं. तिने पाच दिवसांत सगळं पुस्तक करून दिलं. एक वेलांटी चुकलेली नव्हती. कुठे फुली नव्हती, कुठला शब्द बदललेला नव्हता.

विनोदिनीने पानं चाळली आणि विचारलं, नवव्या प्रकरणाचं तुला काय वाटलं.

"टीचर, मी वाचत नाही," सुमंगला म्हणाली. "नुसती टाइप करते. वाचलं तर हात थांबतो."

विनोदिनीने पानं पिशवीत घातली. दुसऱ्या दिवशी रविवार होता. ती म्हापशाहून बांद्याची बस धरून आणि पुढे रिक्षा करून कवठणीला गेली. बाबली ओटीवर काजूच्या बिया निवडत होता. त्याने चष्मा मागवला, तिला पाणी दिलं आणि पानं मांडीवर घेतली. ती दोन दिवस तिथे राहिली. शेवंतीने तिला घावणे करून घातले आणि सांगितलं की हे वाचायला बसले की घरात कुणाशी धड बोलत नाहीत.

बाबलीने एकतीस फुल्या मारल्या. त्यातल्या चोवीस तिने जागच्या जागी मान्य केल्या. सातांवरून दोघांचं कडाक्याचं वाजलं. बस चुकली, दुसरी संध्याकाळी होती, तोवर ती दोघं ओटीवर बसून भांडतच होती. आवृत्ती निघायला आणखी पाच महिने लागले.